प्रार्थनेत माझ्या नवऱ्याचं नाव

आमच्या मंडळीत कुणाला कुणाबद्दल काही बोलायचं असलं, की ते आधी डोळे मिटतात. उघड्या डोळ्यांनी बोललं तर ती चहाडी ठरते. हात जोडून, आवाज जरा कापरा करून तेच बोललं की ती प्रार्थना. "प्रभू, आमच्या एका बहिणीला नम्रतेचा आत्मा दे." ही बहीण म्हणजे गेल्या शनिवारी बायकांच्या सभेत जिनं चहा पांचट झालाय असं तोंडावर सांगितलं ती. "प्रभू, तुझ्या घराच्या कामात जे मागे राहतात त्यांना जागं कर." म्हणजे नाताळच्या साफसफाईला न आलेली. यावर उत्तर देता येत नाही. देवाशी चाललेल्या बोलण्यात मध्ये तोंड कोण घालणार? बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं, आणि जिला घाव बसलाय तिनंही म्हणायचं, नाहीतर हिचं मन कठीण झालंय असा बभ्रा होतो. लग्न होऊन सुरतला आले तेव्हापासून मी हे ऐकते आहे. आमचे लोक इतर बाबतींत फार हुशार आहेत असं मी म्हणणार नाही, पण यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

मंडळी म्हणजे काय, तर बहुतेक सगळे आमच्यासारखे धुळे-नंदुरबारकडून मिलच्या कामाला आलेले, आणि थोडे नगरकडचे. नगरकडच्यांची मराठी शुद्ध, त्यामुळे त्यांची नाकंही थोडी वर. चर्चची इमारत गुजराती मंडळीची. त्यांची उपासना आटोपली की आम्हाला मिळते, त्यांच्या फुलांसकट. पोरंटोरं बाहेर ओट्यावर गुजरातीत खिदळत बसतात आणि आत त्यांचे आईबाप कपाळाला आठ्या घालून मराठी गीतं म्हणतात. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. एकमेकांना बंधू-भगिनी म्हणायचं, 'सलाम ताई, सलाम भाऊ' करायचं, आणि रिक्षात बसलं की पहिल्या चौकाच्या आत त्या ताईला आणि भाऊला सोलून काढायचं.

माझा नवरा सुरतजवळच्या सचिन गावात कापडाच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये कामाला. मी उधन्याला घरीच साड्यांना लेस लावते. मुलगी लग्न होऊन वापीला गेली आणि त्यानंतर घरात आम्ही दोघंच उरलो. त्याच सुमाराला नवरा प्यायला लागला.

गुजरातमध्ये कुणी पीत नाही, कारण इथे दारूबंदी आहे. त्यामुळे इथल्या पिणाऱ्याच्या बायकोची फार पंचाईत. जे मुळात नाहीच त्याबद्दल ती कुणाकडे रडणार? नवरा मिलमधून सुटला की कुठूनतरी पोटली आणायचा, प्लास्टिकच्या पिशवीतली गावठी, आणि डब्याच्या पिशवीत डब्याखाली लपवायचा. मारहाण नाही, शिव्या नाहीत. दारात पायरीवर बसून राहायचा आणि हाक मारली तर आमच्या अहिराणीत "येस, येस", म्हणजे येतो येतो, म्हणत तिथेच झोपायचा. मला त्याची लाज वाटायची आणि दयाही यायची, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

मी एकाच बाईला सांगितलं. ती मंडळीच्या सेक्रेटरीची बायको, म्हणून मी तिला मनात सेक्रेटरीबाई म्हणते. तोंडावर ताईच म्हणायचे. तिचा नवरा इच्छापोरच्या कारखान्यांना मजूर पुरवण्याच्या कामात, दिवसभर बाहेर. ही बायकांच्या सभेची पुढारी. कुणी आजारी पडलं की खिचडी घेऊन हजर, कुणी मेलं की सगळ्यांत आधी हिचा हंबरडा. मला ती तेव्हाही फारशी आवडत नव्हती, खोटं कशाला बोलू. पण मला ताप आला होता तेव्हा तिनं दोन वेळा येऊन माझी भांडी घासली होती. भांडी घासणाऱ्या बाईवर माणूस विश्वास टाकतो. एकदा तिच्या स्वयंपाकघरात ती मेथी निवडत होती आणि मी सगळं सांगून बसले, पोटलीसकट. तिनं मेथीचे हात पदराला पुसले, माझा हात धरला आणि म्हणाली, "माझ्या पोटात राहील, ताई. काळजी करू नका."

मग आमच्या घरी प्रार्थनासभा आली. दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या घरी असते, त्यात आमची पाळी. नवऱ्याला मी घाबरत घाबरतच सांगितलं. पण त्या दिवशी तो वेळेवर आला, कोरडा. आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, केस पाण्यानं चापून बसवले. शेजारून सतरंज्या आणल्या त्यानं. स्वतः अंथरल्या. लोक यायला लागले तसा दारात उभा राहून प्रत्येकाला "सलाम, या, या" करत होता, आणि मी आतून त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, माझा माणूस परत आला.

सगळं नीट चाललं होतं. गीतं झाली, वचन झालं. मग नेहमीप्रमाणे "घरासाठी कोण मागेल?" असं विचारलं गेलं आणि सेक्रेटरीबाईनं डोळे मिटले.

"प्रभू, या घरातल्या आमच्या भावाला दारूच्या तावडीतून सोडव. तो पोटली डब्याच्या पिशवीत लपवून आणतो, बापा, पण तुझ्यापासून काय लपलंय? त्याच्या पत्नीचे अश्रू तू बघ. ती लाजेनं कुणाला सांगत नाही, प्रभू."

लाजेनं कुणाला सांगत नाही! हे ती खोलीभर लोकांना सांगत होती. दार उघडं होतं, गॅलरीत चपलांचा ढीग होता आणि शेजारचे लोक आपापल्या उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. लोकांनी 'आमेन' म्हटलं. माझ्या नवऱ्यानंही म्हटलं, हात जोडलेले, मान खाली. मग तो उठला आणि सगळ्यांना चिवड्याच्या बशा दिल्या. तिलाही दिली. त्यानंतर तो चर्चला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन तिची हजेरी घेतली. ती खरोखर बावरली. म्हणाली, "मी कुणाला सांगितलं, ताई? मी फक्त प्रभूला सांगितलं." आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला मनापासून तसंच वाटत होतं. डोळे मिटले की खोलीतली माणसं नाहीशी होतात आणि उरतो एकटा देव, अशी तिची समजूत होती. ती लबाड असती तर मला सोपं गेलं असतं. लबाड माणसाशी भांडता तरी येतं. हा इतका भाबडा मूर्खपणा जगात आमच्याच लोकांना जमतो, आणि त्याला ते भक्ती म्हणतात.

पुढे नवऱ्याची दारू सुटली. त्याचं पोट बिघडलं, डॉक्टरनं दम भरला, आणि त्यानं हळूहळू कमी करत एकदाची बंद केली. त्यात कुणाच्या प्रार्थनेचा संबंध नव्हता. पण कुठूनतरी सेक्रेटरीबाईला कळलं आणि भर उपासनेत तिनं 'ऐकलेल्या प्रार्थनेबद्दल' देवाचे आभार मानले. नाव घेतलं नाही. मोठीच कृपा केली. सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावर बसायला लागले. शांतीची सलामी करायची वेळ आली, सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन "शांती असो" म्हणायला लागले, की मी पिशवीतून पाण्याची बाटली काढायचे आणि सावकाश पीत राहायचे. पाणी पिणाऱ्या बाईशी कोण हात मिळवणार? आणि प्रभुभोजनाची, भाकरीच्या तुकड्यांची ताटली आली की मी ती शेजारणीकडे सरकवायचे, तुकडा न घेता.

हे मी नाटक म्हणून करत नव्हते. मनात कुणाबद्दल अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, आधी जाऊन मिटवायचं आणि मग यायचं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मी ते खरं मानते. मंडळीत सगळेच मानतात म्हणे. एका प्लॉटच्या भिंतीवरून कोर्टात भांडणारे दोन सख्खे भाऊ एकाच ताटलीतून तुकडा उचलतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत. सासू उचलते, तिच्या मागून तिनं माहेरी हाकललेली सून उचलते. सेक्रेटरीबाई तर असे डोळे मिटून उचलायची की जणू ताटली तिच्यासाठीच वरून उतरली आहे. मी त्या सगळ्यांकडे बघायचे आणि मला त्यांची शिसारी यायची. माझी अढी खरी होती आणि मी ती लपवत नव्हते, एवढाच मला अभिमान. पण खरं सांगायचं तर मला ती भाकर हवी होती. ताटली पुढे गेली की दर वेळी बाकाच्या टोकापर्यंत माझी नजर तिच्या मागे जायची.

त्याहून जास्त मला एक हवं होतं. नवऱ्यानं पुन्हा चर्चला यावं. दारू सुटल्यावर तो फार एकटा पडला होता. पिणारे मित्र सुटले, आणि न पिणारे मंडळीतले, त्यांच्याकडे तो जाईना. रविवारी मी साडी नेसायला लागले की तो खाली जाऊन बाइक पुसत बसायचा. पुसलेलीच बाइक पुन्हा पुसायचा. या माणसाचा आवाज एके काळी पुरुषांच्या बाजूने असा यायचा की बायका आपलं कडवं विसरायच्या. आता घरात गुणगुणतही नव्हता. याला जबाबदार कोण, तर ती बाई. यात मला तिळमात्र शंका नव्हती. दर रविवारी मी मागच्या बाकावरून तिच्या अंबाड्याकडे बघायचे आणि माझा राग ताजा करून घरी आणायचे.

मग नवा पाळक आला. तरुण, उत्साही, शर्टाच्या बाह्या सदानकदा दुमडलेल्या. अशा माणसांना वाटतं की माणसांतली भांडणं टिकतात ती कुणी मिटवायला आलं नाही म्हणून. त्याला आल्या आल्या कुणीतरी आमचं सांगितलं असावं, अर्थात डोळे मिटून. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, त्यानं पाय धुण्याचा कार्यक्रम ठेवला. बायकांनी बायकांचे, पुरुषांनी पुरुषांचे. जोड्या त्यानं स्वतः लावल्या आणि माझ्यासमोर सेक्रेटरीबाईला बसवलं. हे सहज झालं असं त्याला दाखवायचं होतं, पण त्याचे कान लाल झाले होते.

तो कार्यक्रम एकदा बघायला हवा होता. निळ्या प्लास्टिकच्या टबांत कोमट पाणी. आणि पाय धुवून घ्यायला येताना झाडून सगळ्या जणी घरून पाय धुवून आल्या होत्या. मळ असलेला पाय त्या रांगेत एकही नव्हता. सेक्रेटरीबाईनं तर नखांना ताजं गुलाबी पॉलिश लावलं होतं. नम्रतेच्या दिवशी नखं बरी दिसायला हवीत! मी तिचे पाय धुतले, एकदाच पाणी टाकलं, टॉवेल फिरवला. तिनं माझे धुतले आणि धुताना रडायला लागली. तिचे डोळे कधीही भरून येतात, त्यात विशेष काही नाही. पाळकाच्या बायकोनं नेमका तेव्हा फोटो काढला आणि आम्ही घरी पोचायच्या आत तो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. खाली हात जोडलेले आणि लाल बदाम यांचा पाऊस. एका भावानं तर केकसुद्धा पाठवला होता, बहुतेक चुकून.

माझा फोन टेबलावर होता. नवऱ्यानं फोटो बघितला. बोटांनी मोठा करून पुन्हा बघितला. मग विचारलं, "खरंच मिटनं का?"

"कसलं मिटतंय," मी म्हटलं. "बावळटांचा बाजार नुसता. त्या बाईमुळे तू घरी बसलास, आणि तिच्या पायांवर पाणी ओतलं की झालं?"

"तिन्हामुळे मी घर बसनू?"

"मग कुणामुळे?"

तो सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलला. "तू मांगे जाईसन बसस. पाव लेस नही, कोनासंगे बोलस नही. दर रविवारी लोके मान वळाईसन तुले देखतस. तुले देखं की त्यासले मनी दारू याद येस. तू सरकी बसनी ऱ्हातीस ते लोके कधीच भुली जातात. मंग मी कसा येऊ? कोना तोंडनं येऊ?"

म्हणजे तू मागे जाऊन बसतेस म्हणून लोकांना माझी दारू आठवते, सरळ बसली असतीस तर ते कधीच विसरले असते. असं तो मला म्हणाला. पिणारा हा, चव्हाट्यावर आणणारी ती, आणि दोष माझा! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेऊन खाली बाइक पुसायला गेला. पुढचे काही दिवस मी त्याच्यासमोर ताट आदळत होते.

पण त्याचं बोलणं डोक्यात राहिलं. पुढच्या रविवारी मी मुद्दाम लक्ष ठेवून बसले. सलामीच्या वेळी मी बाटली काढली आणि पुढच्या बाकावरच्या दोघींनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. त्यांतली एक नवी होती, हल्लीच लग्न होऊन आलेली. त्या प्रार्थनासभेच्या संध्याकाळी ती आमच्या घरी असणं शक्यच नव्हतं. दुसरी तिच्या कानाशी लागली आणि नवीनं वळून माझ्याकडे बघितलं, मग पुरुषांच्या बाजूला बघितलं, कोण तो दारुडा ते शोधायला. माझी बाटली हातातच राहिली. तो खरं बोलत होता. त्याची गोष्ट मंडळीत जिवंत ठेवायचं काम ती बाई करत नव्हती, मी करत होते, दर आठवड्याला न चुकता. आणि मला ते आवडायलाही लागलं होतं. या मंडळीत कुणी सेक्रेटरी होतं, कुणी खजिनदार, आणि मी दुखावलेली बाई. ते पद मी सोडायला तयार नव्हते. तिथे बसून मला स्वतःचाच इतका संताप आला, की आशीर्वाद व्हायच्या आधी मी उठून निघून आले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. आदल्या दिवशी दुपारी मी डिंडोलीला सेक्रेटरीबाईच्या फ्लॅटवर गेले. तिनं दार उघडलं आणि मला बघून तिचा हात कडीवरच राहिला. घरात ती एकटीच होती. मी सोफ्यावर बसले. ती उभीच.

"मी तुम्हाला माफ करायला आलेय," मी म्हटलं. "तुम्ही मला आवडायला लागलात असं समजू नका. तुम्ही मला आवडत नाही. आधीही नव्हता. पण त्या गोष्टीचा राग मी आज इथे टाकून जाणार आहे."

तिनं खोल श्वास घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले. "आपण आधी प्रार्थना..."

"डोळे उघडा," मी म्हटलं. "काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

तिनं डोळे उघडले. न मिटलेल्या डोळ्यांनी बोलायची तिला सवयच नव्हती. शेवटी ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मलाही तुम्ही कधी आवडल्या नाहीत. तुमच्या घराकडे यायचं म्हटलं की मी आधी तीनदा पदर नीट करते. तुम्ही माणसाकडे असं बघता, जसं साडीचा डाग शोधताय. तुमचं आजारपण झालं तेव्हा मी भांडी घासली, तर तुम्ही मी गेल्यावर ती परत घासली. मला दिसलं होतं खिडकीतून."

घासली होती. तिच्या घासण्यात साबण राहतो.

"पण त्या दिवशी माझं चुकलं," ती म्हणाली. "मला वाटलं मी चांगलंच करतेय. तुम्ही भांडून गेल्यावर हे म्हणाले, तू त्या माणसाला त्याच्याच घरात उघडं पाडलंस. तेव्हा कळलं मला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोलले ना. ईस्टरच्या आधी, बायकांच्या सभेत. 'प्रभू, आमच्या हातून ज्या बहिणीचं मन दुखावलं' असं म्हटलं होतं मी. ते तुमच्यासाठी होतं."

"मला काय माहीत? मला वाटलं त्या चहा पांचट म्हणणाऱ्या बाईसाठी आहे."

आणि मला हसू फुटलं. आवरेनाच. या बाईनं माझी माफीसुद्धा देवाच्या पत्त्यावर पाठवली होती, आणि वर माझ्या उत्तराची वाट बघत बसली होती. मला हसताना बघून आधी ती घाबरली, मग तीही हसली, तोंडावर पदर धरून. तिनं चहा केला. भयंकर गोड होता. मी तसं सांगितलं आणि ती "बघा, डाग" म्हणाली. ही बाई एवढं चटकन उलट बोलू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. डोळे उघडे असले की बरी असते.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, "मिटवून आले. बाई अजून तशीच आहे. मी उद्या पुढे बसणार आहे." त्यानं "बरं" म्हटलं आणि जेवायला बसला. मी त्याला ये म्हटलं नाही. म्हणायची लाज वाटली.

रविवारी मी दुसऱ्या बाकावर, सेक्रेटरीबाईच्या शेजारी जाऊन बसले. आजूबाजूला कुजबूज झाली, पण ती गीत सुरू होईपर्यंतच टिकली. आमच्या लोकांना सुखदुःखापेक्षा गीताचा सूर चुकणं जास्त लागतं. सलामीला तिनं हात पुढे केला, मी मिळवला. हात घामट होता. मग पाळकानं विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" आणि पुरुषांच्या बाजूला मागे कुणीतरी उठल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. माझा नवरा उभा होता. तो कधी आत आला ते मला कळलंच नव्हतं. पांढरा शर्ट घातला होता, पण इस्त्री न केलेला. त्याची इस्त्री मीच करते, आणि त्यानं मला सांगितलं नव्हतं.

"मी पीत होतो," तो म्हणाला. घरी अहिराणीत बोलतो, इथे मात्र अडखळत मंडळीच्या मराठीत बोलत होता. "तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. माझ्याच घरात ऐकलंय तुम्ही. आता पीत नाही. पोट खराब झालं म्हणून सोडली. देवाचा हात असेलही, मला सांगता यायचं नाही. मिल सुटली की अजून जीव तिकडे ओढतो. रोज ओढतो. एवढंच सांगायचं होतं."

आणि बसला. त्यानं डोळे मिटले नव्हते, हात जोडले नव्हते, शेवटी येशूच्या नावानं काही मागितलंही नव्हतं. त्यामुळे 'आमेन' म्हणायचं की नाही हे कुणाला कळेना. एवढ्या बोलघेवड्या लोकांना माझ्या नवऱ्यानं गप्प केलं. पाळक पुस्तकाची पानं उलटत राहिला. त्या शांततेत मला रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही.

शेजारून सेक्रेटरीबाईनं माझा हात घट्ट धरला. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण डोळे सताड उघडे होते आणि ती माझ्या नवऱ्याकडे बघत होती. ओठ हलत नव्हते. मी हात सोडवून घेतला नाही. पुढच्या बाकावरून ताटली मागे आली तेव्हा तो सोडावा लागला, कारण ती दोन्ही हातांनी धरायची असते. तिनं ती माझ्यापुढे धरली आणि मी तुकडा उचलला.